अंगालगतचं कापड: लेबलावर ‘१०० टक्के कॉटन’, तरी टोचतं आणि चिकटतं, ते का?

आतली_बाजू
दोन टी-शर्ट घ्या. दोन्हींवर १०० टक्के कॉटन, दोन्ही १६० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. एक पाच धुण्यांनंतरही मऊ राहतो, दुसरा खरखरीत होतो आणि घाम आला की पाठीला चिकटून बसतो. लेबल तर सारखंच! म्हणजे फरक लेबलावर न छापलेल्या गोष्टींत आहे: तंतू किती जाड, सूत कसं कातलंय, लूप (निटिंगमधला सुताचा फंदा) किती लांब आणि कापडाची कुठली बाजू अंगाकडे येते.

ही चर्चा एवढ्यापुरतीच ठेवू. फिटिंग, रंग, फॅशन नको. यंत्रावर काम करणारे आणि हातानं विणणारे, दोघांनीही लिहा. सुरुवात टोचण्यापासून करू, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथेच आहेत.

मायक्रॉन_तीस
‘मला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना अ‍ॅलर्जी नसते. लोकर टोचते, इतकंच. टोचणं हा यांत्रिक प्रकार आहे.

सुतातून बाहेर आलेलं तंतूचं टोक कातडीवर दाबलं की एक तर ते वाकतं, नाहीतर खांबासारखं उभं राहून टोचतं. वाकण्याआधी त्याने साधारण ७५ मिलिग्रॅम वजनाएवढा भार तोलला, तर कातडीतल्या चेता जाग्या होतात. आता गंमत बघा. वाकायला लागणारा जोर व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतूपेक्षा ३० मायक्रॉनचा तंतू दीडपटच जाड, पण वाकायला पाचपट हट्टी. लांबीचं उलट आहे. बाहेर आलेलं टोक दुप्पट लांब असेल तर जोर चौथाईवर येतो. म्हणून लांब लव मऊ लागते आणि आखूड, ताठ खुंट टोचतात. दाढीचं तसंच असतं.

व्यवहारात सीमा ३० मायक्रॉनची धरतात. लोकरीत ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू साधारण ५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की बऱ्याच जणांना ती टोचायला लागते. इथे सरासरीवर जाऊ नका. सरासरी २२ मायक्रॉन असूनही त्यात ३० च्या वरचे जाड तंतू जास्त असतील तर ती लोकर टोचेल. विकणाऱ्याने ‘कम्फर्ट फॅक्टर’ दिला असेल तर तो आकडा बघा. ३० किंवा त्याहून कमी मायक्रॉनचे तंतू शेकडा किती, ते त्यातून कळतं. अंगालगत घालायचं असेल तर १९.५ मायक्रॉनपर्यंतची मेरिनो (बारीक लोकरीच्या मेंढीची) घ्यावी. २५ च्या पुढची स्वेटरला ठीक, पण आत शर्ट हवा.

उलटसुलट
मग फ्लीसवर एवढी लव असते, ती का टोचत नाही? आणि कॉटनचं काय, तो किती मायक्रॉन?

मायक्रॉन_तीस
फ्लीसची लव म्हणजे ब्रशने ओढून काढलेले लांब, बारीक तंतू. दोन्ही अटी पाळल्या जातात, म्हणून मऊ.

कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन, वर चपटा आणि पिळलेल्या फितीसारखा. तो सहज वाकतो, म्हणून लोकरीसारखा टोचत नाही. एक घोळ मात्र नेहमी होतो. कापसाचा ‘मायक्रोनेअर’ ४ असतो, म्हणून काही जण कापूस ४ मायक्रॉनचा आहे असं समजतात. मायक्रोनेअर म्हणजे एक इंच लांबीचं वजन मायक्रोग्रॅममध्ये. त्यात तंतूचा बारीकपणा आणि पक्वता दोन्ही मिसळलेली असतात. तो व्यास नव्हे.

पॉलिस्टरचा १ डेनिअरचा (डेनिअर म्हणजे ९ किलोमीटर लांबीचं ग्रॅममधलं वजन) तंतू साधारण १० मायक्रॉन भरतो. सुतावर ७५/३६ लिहिलं असेल तर ७५ डेनिअरमध्ये ३६ तंतू, म्हणजे दर तंतू २ डेनिअरच्या जरा वर. ७५/७२ मध्ये तो १ वर येतो, ७५/१४४ मध्ये अर्ध्यावर. तिन्हींच्या लेबलावर ‘पॉलिस्टर’ हा एकच शब्द, पण हाताला तीन वेगळी कापडं लागतात.

अंबाडी, रॅमी, जवस यांचे तंतू ताठ. जवसाचा (लिनन) निटेड टी-शर्ट दिसायला छान, पण पहिली काही धुणी तो मानेला खुपतो. धुऊन धुऊनच मवाळ होतो.

चोवीस_गेज
आता मूळ प्रश्न. एकाच वजनाचे दोन कॉटन, एक खरखरीत का होतो?

पहिलं कारण सूत. कार्डेड (नुसतं पिंजून कातलेल्या) सुतात आखूड तंतू तसेच राहतात. कोम्ब्ड म्हणजे विंचरलेल्या सुतात साधारण १२ ते २० टक्के आखूड माल काढून टाकतात. आखूड तंतूंची टोकं जास्त, त्यामुळे लव जास्त आणि धुण्यात ती बाहेर सरकतात. ओपन-एंड (रोटरवर कातलेलं) सूत स्वस्त पडतं, पण त्याच्यावर बाहेरून काही तंतू पट्टा आवळल्यासारखे गुंडाळलेले असतात. तेच हाताला कोरडे आणि करकरीत लागतात. कॉम्पॅक्ट सुतात टोकं आत दाबलेली असतात, त्यामुळे लव कमी. अंगालगतच्या कापडाला माझी पसंती ३० नंबर किंवा त्याहून बारीक कोम्ब्ड कॉम्पॅक्ट (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक).

दुसरं, पीळ. निटिंगच्या सुताला विणकामाच्या (ताण्याबाण्याच्या) सुतापेक्षा पीळ कमी लागतो. इंग्रजी मापात ट्विस्ट मल्टिप्लायर (सुताच्या जाडीच्या मानाने पीळ किती, तो आकडा) ३.४ च्या आसपास. सूत तुटू नये म्हणून कोणी ४ पर्यंत नेला की यंत्र छान चालतं, पण कापड कडक होतं आणि धुतल्यावर तिरकं पळतं. बाजूची शिलाई पोटावर आलेली दिसते ना, ती यामुळेच. ती शिलाई मग चालताना पोटाला घासते, म्हणजे पिळाचा दोष शेवटी कातडीवर निघतो.

तिसरं कारण फसवं आहे. दुकानातला मऊपणा पुष्कळदा सिलिकॉन सॉफ्टनरचा असतो. काही धुण्यांत तो उतरतो आणि खालचं खरं सूत उघडं पडतं. त्याऐवजी बायोपॉलिशिंग (एन्झाइमने लव काढणं) केलेलं असेल तर मऊपणा टिकतो. सेल्युलेज एन्झाइम, पीएच ४.५ ते ५.५, तापमान ५० ते ५५ अंश, ४० ते ६० मिनिटं. वर आलेली लव एन्झाइम खाऊन टाकतं. कापडाचं वजन ३ ते ५ टक्के घटतं. वेळ झाल्यावर ८० अंशाला नेऊन एन्झाइम मारावंच लागतं. ते राहून गेलं तर एन्झाइम आत शिरून सुताची ताकद खातं आणि कापड महिन्याभरात विरतं.

कापूसवेडा
एवढं सगळं कशाला? नैसर्गिक ते नैसर्गिक. पॉलिस्टर अंगाला लावूच नये. आणि बांबू सगळ्यांत उत्तम.

आतली_बाजू
बांबूचं आधी. बाजारात ‘बांबू’ म्हणून मिळणारं मऊ निटेड कापड जवळजवळ नेहमी व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून पुन्हा तंतू काढलेला. मऊ असतं हे खरं, पण तो मऊपणा व्हिस्कोसचा. आणि ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ओलं पिळून, ओढून वाळत घातलं की गळा लोंबतो. मोडाल आणि लायोसेल (हेही लगद्यापासूनचेच तंतू) ओल्यात जास्त टिकतात.

पॉलिस्टरबद्दल सरसकट बोलता येत नाही. ६५ टक्के आर्द्रतेला तंतू हवेतून किती ओल शोषतो त्याचे आकडे बघा. लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, व्हिस्कोस १३, रेशीम ११, कापूस ७ ते ८, नायलॉन ४, पॉलिस्टर ०.४. बसून काम करणाऱ्याला जो थोडासा, वाफेच्या रूपातला घाम येतो, तो कापूस आणि लोकर मुकाट्यानं पिऊन टाकतात. तिथे साधं पॉलिस्टर गुदमरल्यासारखं वाटतं. तिथपर्यंत तुमचं बरोबर.

पण घाम धारेनं यायला लागला की खेळ बदलतो. कापूस पाणी पितो, फुगतो, लूपमधल्या मोकळ्या जागा बुजतात, सूत लुळं पडतं आणि कापड अंगावर थापल्यासारखं बसतं. ओली कातडी मुळात जास्त घासते. त्यात हे ओलं कापड, म्हणून लांब धावणाऱ्यांच्या काखा आणि स्तनाग्रं सोलतात. बारीक, खाचा असलेल्या पॉलिस्टर तंतूंमध्ये पाणी तंतूच्या आत जात नाही, मधल्या फटींतून केशाकर्षणानं पसरतं. कापड पाणी कमी धरतं आणि लवकर वाळतं. वाळायला लागणारा वेळ मुख्यतः कापडाने किती पाणी धरलंय त्यावर ठरतो. त्यामुळे १३० जीएसएमचा पातळ कॉटनही २२० जीएसएमच्या कॉटनपेक्षा कितीतरी बरा.

पॉलिस्टरची खरी खोड वासाची. अंगाचं तेल त्याला धरून बसतं. ४० अंशाच्या पाण्यात धुवा आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. तो थर पाण्याला वाट देत नाही.

कापूसवेडा
ठीक, ‘पॉलिस्टर लावूच नये’ हे मागे घेतो. घरी बसायला कॉटन, पळायला दुसरं.

उलटसुलट
+१. पण आता लूपवर या की कोणीतरी.

चोवीस_गेज
आलो. सिंगल जर्सीपासून.

एकाच सुयांच्या रांगेवर होते ती सिंगल जर्सी. पुढून V च्या रांगा, मागून अर्धवर्तुळं. पातळ, हवेशीर, कापली की कडा वळतात. अंगाकडे बहुधा अर्धवर्तुळांची बाजू येते. २४ गेजवर (गेज म्हणजे यंत्रावर एका इंचात किती सुया) ३० नंबरचं सूत चांगलं बसतं. ढोबळ नियम असा: सुताचा नंबर म्हणजे गेजचा वर्ग भागिले १८. २४ ला ३२ येतो, २८ ला साधारण ४४. जाड गेजवर बारीक सूत घातलं तर कापड जाळीदार होतं, बारीक गेजवर जाड सूत कोंबलं तर पुठ्ठा.

लूपची लांबी कोणी लेबलावर देत नाही, पण कापडाचा जीव तीच. घरी मोजता येते:

कापडावर एका आडव्या ओळीतले १०० उभे स्तंभ मोजून दोन्ही टोकांना पेनने खूण करा. दोन्ही खुणांवर उभा काप द्या. विणायला जी बाजू शेवटी आली तिकडून ओळ उसवते, दुसरीकडून अडकते. एक ओळ सोडवा, सूत फुटपट्टीवर वळ्या सरळ होतील इतपतच ताणा, खेचू नका. लांबीला १०० नं भागा. २८ सेंमी आली तर लूप २.८ मिमी. पाच ओळींची सरासरी घ्या.

आता घट्टपणा. सुताचा टेक्स, म्हणजे एक किलोमीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, काढा (५९०.५ भागिले नंबर, ३० नंबरला १९.७), त्याचं वर्गमूळ ४.४४, त्याला लूपच्या सेंमीमधल्या लांबीने भागा. ०.२८ ला १५.९ येतो, ०.३२ ला १३.९. सिंगल जर्सीला १५ च्या आसपास मध्यम. १७ च्या वर गेलात तर कापड ताठ, घाम कोंडतो, आणि टोकं घट्ट धरली गेल्यानं तीच टोकं जास्त टोचतात, कारण त्यांना मागे सरकायला जागा नसते. १३ च्या खाली मऊ लागतं, पण पहिल्या धुण्यातच आटतं आणि गोळे येतात. कारखान्यात जीएसएम गाठायला बारीक सूत घट्ट विणायचं की जाड सूत सैल, हा निर्णय होतो तिथेच आराम ठरतो. वजनकाट्यावर दोन्ही १६०!

इंटरलॉक दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, कडा वळत नाहीत, तिरकी पळत नाही. बाळांच्या कपड्यांना मला तीच आवडते. पण त्याच सुतात सिंगल जर्सीपेक्षा बरीच जड, उन्हाळ्यात उबते. रिब आडवी ताणते आणि परत येते, म्हणून गळा, मनगट. अंगाला तिच्या उंच ओळीच टेकतात, मध्ये हवा राहते.

पिकेबद्दल गैरसमज आहे. खड्डे-खड्डे असतात म्हणून अंगाला कमी चिकटतं, असं लोक म्हणतात. नेहमीच्या कॉलरवाल्या टी-शर्टात यंत्रावरची मागची बाजू बाहेर ठेवतात, मधाच्या पोळ्यासारखी दिसते म्हणून. सपाट बाजू अंगाकडे! टकच्या (न विणता सुईवर नुसत्याच धरलेल्या) लूपमुळे हवा खेळते हे खरं, पण खड्ड्यांचा फायदा हवा असेल तर खड्डे आत पाहिजेत. खेळाच्या काही कपड्यांत तसं करतात.

मायक्रॉन_तीस
प्लेटिंग राहिलं. एकाच लूपमध्ये दोन सुतं, एक कायम आत, एक कायम बाहेर. आत पाणी न पिणारं पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, बाहेर कॉटन. घाम आतल्या सुताच्या फटींतून निघतो, बाहेरचं कॉटन तो ओढून पसरवतं, कातडीला लागून राहतं ते कोरडं सूत. दोन्ही बाजू पॉलिस्टरच ठेवून आत जाड तंतू, बाहेर बारीक तंतू घेतले तरी पाणी बाहेर जातं, कारण बारीक फटी जास्त ओढतात.

तपासायला सोपं आहे. कापडाच्या आतल्या बाजूवर ड्रॉपरने एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत शिरला तर ठीक. अर्धा मिनिट मोती होऊन बसला तर एक तर सॉफ्टनर आहे, नाहीतर नुसतंच पाणी झटकणारं कापड. मग उलटं करून ओला डाग बघा. बाहेरचा डाग आतल्यापेक्षा मोठा असेल तर काम चोख झालंय. एकदा नव्यात आणि एकदा पाच धुण्यांनंतर करा. वरून लावलेलं विकिंग (घाम पसरवणारं) फिनिश असेल तर दुसऱ्या वेळी उघडं पडतं.

सैल_फंदा
लेगिंगमध्ये स्पॅन्डेक्स (रबरासारखा ताणणारा तंतू) किती असावं? ५ टक्के आणि २० टक्के दोन्ही मिळतात.

चोवीस_गेज
काम वेगळं. कॉटन सिंगल जर्सीत ५ टक्क्यांच्या आसपास पुरतं, गुडघा बाहेर येत नाही. १५ ते २५ टक्के म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टरची व्यायामाची, दाबून बसणारी लेगिंग.

लक्षात ठेवा, स्पॅन्डेक्स लूपना एकमेकांत ओढून धरतं. ३० नंबरचं जे कापड एरवी १५० जीएसएम, ते प्रत्येक ओळीत २० डेनिअर स्पॅन्डेक्स घातल्यावर १९० च्या आसपास जातं आणि हवा कोंडते. म्हणून सूत ४० नंबरचं घ्यावं, किंवा स्पॅन्डेक्स एक ओळ सोडून एक. हीट सेटिंग (उष्णतेनं कापडाचा आकार पक्का करणं) १८५ ते १९५ अंशाला, अर्धं-पाऊण मिनिट. कमी पडलं तर कापड आटत राहतं, कडा वळतात. जास्त झालं तर पिवळं पडतं आणि परत येण्याची ताकद जाते. विकत घेताना १० सेंमीची खूण करा, १५ पर्यंत ताणा, सोडा, एका मिनिटाने मोजा. साडेदहाच्या वर राहिली तर गुडघे फुगणार.

आतली_बाजू
घट्ट गडद निळ्या-काळ्या पॉलिस्टर, नायलॉनमुळे पुरळ येत असेल तर तंतूवर लगेच आळ घेऊ नका. पॉलिस्टर, नायलॉनला लावतात त्या डिस्पर्स रंगांपैकी काही, विशेषतः डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४, संपर्क-अ‍ॅलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. पुरळ कुठे आहे ते बघा. काखेची कड, मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागे, म्हणजे जिथे कापड घट्ट आणि ओलं, तिथेच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या.

दुपीळी
हातानं विणणाऱ्यांसाठी काही? तान्ह्या बाळाची टोपी, कपाळाला टोचू नये अशी.

सैल_फंदा
दुपीळीताई, हे माझं क्षेत्र. सूत मेरिनो, १९.५ मायक्रॉनच्या आतलं, सुपरवॉश चालेल. सुपरवॉशमध्ये तंतूवरचे खवले बोथट करून वर पॉलिमरचा थर दिलेला असतो, त्यामुळे आटत नाही आणि जरा गुळगुळीतही. पण ओलं झालं की लोंबतं. नमुना विणून धुऊन मगच टाके ठरवा.

मोहेर (बकरीची लोकर) नको, अँगोराही (सशाची लव) नको. अँगोरा १२ ते १६ मायक्रॉनचा, टोचत नाही, पण त्याची लव सुटते आणि बाळाच्या तोंडात जाते. अल्पाका घ्यायचाच तर ‘बेबी’ प्रतीचा, आणि मूठभर सूत उजेडात धरून मध्ये जाड ताठ केस दिसतात का ते बघा.

सूत चार-प्लाय जाडीचं, ३.२५ मिमी सुया, १० सेंमीत २८ टाके. त्याहून घट्ट विणू नका, कारण वर चोवीस_गेज यांनी सांगितलेलं हातविणीलाही लागू. कपाळाच्या कडेला टाके घालताना दोन सुया एकत्र धरा, किंवा एक जरा जाड सुई घ्या. घट्ट सुरुवातीचा वळ कपाळावर उमटतो, आणि बाळ रडतं ते लोकरीमुळे असं समजलं जातं. सुलट बाजू आत ठेवून विणलेली टोपी जास्त मऊ लागते, उलट टाक्यांचे उंचवटे बाहेर जातात. सूत घेण्याआधी गळ्याच्या बाजूला, कानाखाली दहा मिनिटं धरा. तळहातावर काही कळत नाही, तिथली कातडी जाड.

दुपीळी
सुलट आत हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद! आणि टाका बदलताना राहिलेली टोकं?

सैल_फंदा
बाहेरच्या बाजूला तिरकी ओवा, गाठ मारू नका. गाठ म्हणजे आयता खडा.

चोवीस_गेज
शिलाईचंही तेच. आत ओव्हरलॉकचा (कापडाची कड गुंडाळणाऱ्या शिलाईचा) उभा कंगोरा राहिला की कितीही चांगलं कापड वाया. अंगालगत फ्लॅटलॉक (सपाट बसणारी शिलाई) हवी, किंवा ओव्हरलॉकच्या लूपरमध्ये तरी टेक्स्चर्ड नायलॉनचा फुगीर दोरा. मानेचं लेबल पारदर्शक नायलॉन दोऱ्याने शिवलेलं असेल तर त्या दोऱ्याचं तुटकं टोक हाच तो टोचणारा ‘कॉटन’. मोनोफिलामेंट, जाड, आखूड कापलेलं. मायक्रॉन_तीस यांचं खांबाचं गणित इथे तंतोतंत बसतं. लेबल फाडू नका, टाके एकेक उसवून दोरा पूर्ण काढा.

कापूसवेडा
एक शंका. पिकेचे खड्डे आत हवेत म्हणता, मग टी-शर्ट उलटा करून घातला तर?

चोवीस_गेज
खड्डे आत येतील आणि शिलाईही बाहेर जाईल, म्हणजे दुहेरी फायदा. घरात खुशाल घाला. फक्त बटणपट्टी आत येईल, तिची काजं छातीला घासतील.